मुठीतल्या तीन रेघा

दातांच्या दवाखान्यात माणूस आधीच अर्धमेला होऊन येतो. त्यातून बसायच्या खोलीत भिंतभर लाकडी धनुष्यं टांगलेली दिसली, की त्याचा उरलासुरला धीरही सुटतो. "ही कशाला हो?" असं प्रत्येक नवा पेशंट विचारायचा. त्यावर मावशी, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेल्या मदतनीस, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायच्या, "पळून जाणाऱ्यांसाठी."

धनुष्यं एकूण एकतीस. सगळी जुनी, सगळी लाकडाची आणि सगळी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पाचसात गावांतल्या कारागिरांनी केलेली. एके काळी तिथे दर चार घरांमागे एका घरात हा धंदा होता. मग कारखान्यातली फायबरची धनुष्यं आली, तिरंदाजीच्या क्लबांनी लाकडाकडे पाठ फिरवली आणि कारागीर दारं, खिडक्या, पलंग अशा मिळेल त्या कामाला लागले. डॉक्टरीणबाईंना पहिलं धनुष्य सापडलं ते एका भंगारवाल्याकडे. त्याने ते पडद्याची दांडी म्हणून लावलं होतं. बाईंनी ते पडद्यासकट उचललं आणि तिथून पुढे त्यांच्या रविवारांचं जे व्हायचं ते झालं.

त्यांनी स्वतः आयुष्यात एकही बाण सोडला नव्हता. जुनं लाकूड वाळून ठिसूळ झालेलं असतं, ओढलं की मोडतं, म्हणून असल्या वस्तू जमवणारे लोक जुन्या धनुष्याला दोरी चढवणं म्हणजे पाप समजतात. बाईंना नेम धरायचाच नव्हता. त्यांना एकाच प्रश्नाने झपाटलं होतं: हे केलं कोणी? धनुष्यावर नाव नसे. फार तर टोकाशी एखादी खाच, एखादा ठिपका. त्या खाचा आणि ठिपके भिंगातून बघत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत, वहीत टिपणं करत त्यांनी बरीच माहिती गोळा केली होती. बाहेर दाढ ठणकत असलेला माणूस ताटकळत बसला असला, तरी आत बाई खाचा मोजत असायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

मूठ हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. धनुष्य दोन दांड्या जोडून करत. सांधा मुठीत यायचा आणि त्यावरून दोरा घट्ट गुंडाळलेला असायचा. आत काय आहे ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हटलं की बाईंच्या जिवाला चैन नाही. दोरा सोडवावा तर वस्तू बिघडते. मग एके दिवशी त्यांनी धनुष्य उचललं आणि सरळ दातांच्या एक्स-रे मशीनपुढे धरलं. दातांची फिल्म ती केवढीशी, एका मुठीला चार-चार फिल्मा लागायच्या. "इथे माणसांपेक्षा लाकडांचेच फोटो जास्त निघतात," असं म्हणून मावशींनी नियम घालून दिला, की ज्याच्याबद्दल शंका येईल त्याच धनुष्याचा फोटो काढायचा, उगाच चाळा म्हणून नाही. मावशींचे नियम बाई पाळत. फिल्मांच्या कपाटाची किल्ली मावशींच्या कमरेला होती.

त्या दिवशी खुर्चीवाले काका आले ते कवळी करून घ्यायला. बाजारामागच्या गल्लीत वेताच्या खुर्च्या विणून देणारे म्हणून सगळे त्यांना ओळखत. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने काटकुळे, तोंडात आता एकही दात नाही. आत आल्या आल्या त्यांनी बसायच्या खोलीतल्या खुर्चीच्या विणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कोणी विणली? झोपेत विणली का?" मग मान वर करून भिंत बघितली. बराच वेळ बघितली. मावशी "पळून जाणाऱ्यांसाठी" म्हणायला तयारच होत्या, पण काकांनी तो प्रश्न विचारलाच नाही.

"ते खिडकीजवळचं उलटं टांगलंय," ते म्हणाले.

आतल्या खोलीत बाईंच्या हातातला आरसा तसाच राहिला. खुर्चीत बसलेल्या पेशंटला "एक मिनिट हं, तोंड उघडंच ठेवा" असं सांगून त्या बाहेर आल्या. तो बिचारा पुढची सात मिनिटं आ वासून बसला होता.

खिडकीजवळचं धनुष्य म्हणजे बाईंच्या साऱ्या संग्रहाचा मुकुटमणी. गर्द तपकिरी, हाताला रेशमासारखं लागणारं, कुठेही फुगवटा नाही, कुठे बारीक झालेलं नाही. टोकाला एका खाली एक तीन खाचा. त्या खाचांची अशी नऊ धनुष्यं त्यांच्याकडे होती, पण हे एक वेगळंच. बाण घासून घासून मुठीजवळ जो चट्टा पडतो, तो बाकीच्या आठांवर डाव्या बाजूला होता आणि ह्याच्यावर उजव्या. बाईंनी त्यावर चार दिवस डोकं खाजवलं आणि ठरवलं, की आपण ते उलटं धरतोय. मग त्यांनी ते फिरवून टांगलं. चट्टा डावीकडे आला, पण मुठीच्या खाली गेला. त्यावर "मूठ नंतर वर सरकवली असावी" असं वहीत लिहून त्या मोकळ्या झाल्या. शिकलेल्या माणसाला एकदा स्वतःचं म्हणणं पटलं, की पुढची अडचण किरकोळ वाटते.

"वरचा भाग बोटभर लांब असतो, खालचा आखूड," काका म्हणाले. "हे बघा, लांब भाग खाली गेलाय."

"पण मग चट्टा उजवीकडे येतो हो काका."

"येणारच. डावखुऱ्याचं आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला. इतकी साधी गोष्ट! चार वर्षं त्या भिंतीसमोरून रोज दहा वेळा गेल्या होत्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ जन्माचा डावखुरा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काढून देता का जरा?"

बाईंनी स्टुलावर चढून ते काढलं. काकांनी हात धोतराला पुसले, मग धनुष्य घेतलं आणि मुठीवर अंगठा ठेवला. मुठीच्या दोऱ्याखाली एक गाठ होती, सुपारीएवढी. "गाठ, कारण माहीत नाही," अशी तिची नोंद वहीत होती.

"मामांचा उजवा अंगठा अर्धाच होता," काका म्हणाले. "करवतीत गेला. टेकायला काहीतरी हवं म्हणून दोऱ्याखाली गाठ बांधून घ्यायचे. हे माझ्या मामांचं धनुष्य आहे, डॉक्टर. त्यांचं स्वतःचं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. तीच ती, झोपेत विणलेली.

आतल्या पेशंटचं एकदाचं आटोपल्यावर काकांना आत घेतलं, आणि पहिलं माप घ्यायच्या आधी अर्धा तास नुसत्या गप्पा झाल्या. म्हणजे बाई विचारत होत्या आणि काका सांगत होते. तीन खाचांचं दुकान त्यांच्या मामांचं. तिथे तिघं काम करायचे: मामा, मामांचा मुलगा, ज्याला हे दादा म्हणत, आणि हे स्वतः, बिनबापाचा भाचा. आठ वर्षं होते तिथे. पहिली दोन झाडूपोछा, कानशी मारणं आणि सरस उकळणं यात गेली. पुढची सहा वर्षं धनुष्यं केली.

"तिघांची धनुष्यं वेगळी ओळखायची कशी?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज जरा चढलाच.

"ओळखायची नाहीतच. मामांचा हुकूम होता तसा. दुकानाचं नाव एक, तर माल एकसारखा दिसला पाहिजे. वार्निश चढून पंधरावीस नग रांगेत लागले, की माझं कुठलं ते मलाही सांगता यायचं नाही."

"मग मोडलं तर?"

"हां, तिथे खरी गंमत होती." काका हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "सांधा चिकटवायच्या आधी, ज्याचं काम त्याने आत आपली खूण करायची. लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात ना, तो तांबडा शिशाचा रंग असायचा, त्याने. मामांची एक रेघ, दादाच्या दोन, माझ्या तीन. वरून सरस, मग दोरा. धनुष्य धड राहिलं तर ती खूण जन्मात कोणाला दिसायची नाही. मोडून परत आलं, की मामा सांधा उकलायचे, रेघा बघायचे आणि ज्याचं त्याला नवीन करायला सांगायचे. आणि मोडकी मूठ त्याच्या जागेवर, भिंतीतल्या खिळ्याला टांगायची. चूक डोळ्यांसमोर राहावी म्हणून."

"किती टांगल्या होत्या?"

"अकरा. तीन दादाच्या. एक मामांची." ते थांबले. "सात माझ्या."

मावशी मापाचा लगदा कालवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मामा कधी रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मूठ माझ्या खिळ्याला अडकवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. सात मुठी, वाऱ्याने एकमेकींवर आपटायच्या. त्यांच्याखाली बसून मी आठवी घडवायची. सव्विसाव्या वर्षी सोडून दिलं. म्हटलं, आपला हात लाकडाचा नाही. खुर्ची मोडली तर माणूस फार तर आपटतो."

त्यांनी मामांचं धनुष्य अजून मांडीवर धरलं होतं. "हे त्यांनी मी निघालो त्या वर्षी रांगेतून उचललं. आठ दिवस एकेक हातात घेऊन बघत होते. मग दोरा स्वतः गुंडाळला, गाठ स्वतः बांधली आणि म्हणाले, हे माझं. स्वतः केलेलं असणार, दुसऱ्याच्या हातचं ते धरायचे नाहीत. बघा कसं वाकवलंय. असं एक, एक जरी माझ्या हातून झालं असतं ना, तर मी राहिलो असतो."

हे ऐकताना बाईंच्या डोक्यात काहीतरी खुटखुटलं, पण ते काय हे त्यांना कळलं नाही. उत्साहाच्या भरात त्या बोलून गेल्या, "काका, मूठ न उकलता आत बघता येतं! एक्स-रे काढू. तुमचं एखादं असेल ह्या नऊमध्ये, कोणी सांगावं?"

"नको," काका म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"नको, डॉक्टर. पन्नास वर्षांत जे गिळायचं ते गिळून झालंय. आता परत उकरून काढून काय, नऊमध्ये शून्य असं ऐकायचं? तुम्ही माझे दात बघा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि माप घेतलं.

काका गेले आणि मग ते खुटखुटणं काय होतं ते बाईंना आठवलं. जेवायचा डबा तसाच ठेवून त्यांनी जुनी वही काढली. चार वर्षांपूर्वी, मुठीतल्या त्या गाठीमुळे शंका येऊन, त्यांनी त्याच धनुष्याचा फोटो काढला होता. पानाला चिकटवलेल्या पाकिटात फिल्मा होत्या आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "मुठीत तीन बारीक खिळे. नंतर कोणीतरी केलेली दुरुस्ती. मधला खिळा तिरका ठोकलाय, काम आडदांड."

फिल्मवर लोखंडही पांढरं दिसतं आणि शिसंही. दाताच्या मुळात बसवलेल्या सळया पांढऱ्या शुभ्र दिसतात, आणि तीस वर्षं त्याच बघत आल्याने बाईंना तीन पांढऱ्या उभ्या रेघा दिसल्या तेव्हा खिळेच सुचले. दुसऱ्या कोणी सुताराने, रंगाऱ्याने बघितलं असतं तर दोन प्रश्न तरी विचारले असते. दातांच्या डॉक्टरला तेवढंही विचारावंसं वाटलं नाही.

"मावशी," बाई म्हणाल्या, "मामांचं धनुष्य मामांनी केलेलं नाही."

मावशींनी फिल्म उजेडाला धरली, तीन रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "सांगणार त्यांना?"

"ते नको म्हणाले."

"ते बघू नका म्हणाले. तुम्ही तर चार वर्षांपूर्वीच बघून ठेवलंय."

ते तीन दिवस बाईंना कसे गेले, ते मावशींना विचारावं. एका पेशंटला त्यांनी दुखणारी सोडून शेजारची दाढ बरीच ठोकून बघितली. सांगावं तर माणसाने स्पष्ट नको म्हटलेलं. न सांगावं तर एक भला माणूस जन्मभर स्वतःला नालायक समजून बसलेला, आणि त्याचा पुरावा आपल्या कपाटात. शिवाय, आणि हे बाईंनी स्वतःशी कबूल केलं, त्यांना उरलेल्या आठांचं कुतूहल स्वस्थ बसू देत नव्हतं. समजा, हे एक धनुष्य सोडून बाकी सगळी मामांची आणि दादाची निघाली, तर? एखादं कधीतरी चांगलं वळलं, एवढाच त्याचा अर्थ. अर्धवट सांगून त्यांना आशेला लावण्यापेक्षा तोंड मिटून बसलेलं बरं.

रविवारी सकाळी त्या दवाखान्यात आल्या, तर मावशी आधीच दार उघडून, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून बसल्या होत्या. "माझा नियम शंकेचा आहे," मावशी म्हणाल्या. "आता मलाच शंका आलीय."

दुपारपर्यंत बत्तीस फिल्मा धुऊन दोरीला लागल्या. एका धनुष्यात एक रेघ. दोनांमध्ये दोन-दोन. पाचांत तीन-तीन. खिडकीजवळचं धरून सहा. बाईंनी तीनदा मोजलं आणि मग त्या ओल्या फिल्मांखाली खुर्ची ओढून नुसत्या बघत बसल्या. रंगाचा तो फटकारा मारून सांधा मिटला, त्यानंतर कोणी हे पन्नास वर्षं पाहिलं नव्हतं. पाहिलं जायचं ते फक्त मोडल्यावर. मोडक्या मुठी भिंतीवर टांगल्या जायच्या, आणि धड होत्या त्या गप्प राहून जगभर निघून जायच्या.

पुढच्या भेटीला काका आले ते पक्कं माप द्यायला. तोपर्यंत मावशींनी खिडकीजवळचं धनुष्य सुलटं टांगलं होतं. काकांनी ते पाहून मान डोलावली आणि येऊन खुर्चीत बसले.

"काका, एक विचारू?" बाई साचा पुसत म्हणाल्या. "तेव्हा आठवड्याला किती धनुष्यं व्हायची?"

"सहा. मामांचं एक, त्यांना नजरेचा त्रास होता. दादा गिऱ्हाईक बघायचा, त्याचं एक. बाकी मी."

"म्हणजे चार."

"चार. कधी पाच."

"सहा वर्षं."

"हो. का?"

"काही नाही. आ करा." बाईंनी साच्यात लवंगेच्या तेलाचा वास मारणारा लगदा पसरला आणि साचा वरच्या हिरडीवर दाबून धरला. "पाच मिनिटं हलायचं नाही. दुखलं किंवा कसंतरी झालं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

आता तोंडात साचा आणि त्यावर डॉक्टरची दोन बोटं असताना माणसाला "नको" म्हणता येत नाही. ह्याला लबाडी म्हणायची तर म्हणा. बाईंनीही स्वतःला तेच म्हटलं होतं, आणि तरीही त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"काका, वर्षाला दोनशे धनुष्यं तुमची. सहा वर्षांत बाराशे. त्या दोघांची मिळून सहाशे. त्यांची चार मोडली, तुमची सात. दुप्पट केली तर दुप्पट मोडणार, उलट तुमची त्या हिशेबाने एखादं कमीच मोडलं. मोडलेली तेवढी तुमच्या डोक्यावर टांगली. केलेली कोणी टांगली का?"

काकांच्या भुवया जवळ आल्या. हात मात्र खुर्चीच्या दांडीवरच होता.

"आणि दुसरं. मी तुमचं ऐकलं नाही असं म्हणू नका, कारण हे मी चार वर्षांपूर्वीच बघितलं होतं आणि मला मेलीला कळलं नव्हतं. ते मामांचं धनुष्य आहे ना, खिडकीजवळचं..."

डावा हात वर आला.

बाई तिथल्या तिथे थांबल्या. तीस वर्षांत हात वर झाला आणि त्या थांबल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. मावशी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. काकांचा हात खांद्याच्या उंचीवर तसाच राहिला. मग त्याचा अंगठा आणि करंगळी मिटली, आणि तीन बोटं ताठ उभी राहिली. डोळे बाईंच्या तोंडाकडे लागले होते.

"हो," बाई म्हणाल्या. "तीन."

हात खाली आला नाही. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांच्या खळग्यांतून हनुवटीपर्यंत गेलं. मावशींनी पुढे होऊन ते टिपलं आणि स्वतःचेही डोळे त्याच कागदाने पुसले. बाईंना हुंदका फुटेल असं वाटत होतं, पण त्यांची दोन बोटं साच्यावर होती आणि माप हललं असतं. त्यांनी दात आवळून उरलेली दोन मिनिटं मोजली.

साचा निघाला, काकांनी चूळ भरली.

"दाखवा," ते म्हणाले.

बाईंनी फिल्म दिली. काकांनी ती खिडकीच्या उजेडाला धरली, डोळे बारीक केले, लांब धरली, जवळ घेतली. मग मान हलवली. "नाही हो. मामांना सगळी कामं स्वतः करायची खोड. कधी घाईत असले की आमच्या दांड्यांवर तेच रेघा मारून ठेवायचे, आणि त्यातलीच एखादी जोडी स्वतः घडवायला घ्यायचे. कोणीही मारेल तीन रेघा. त्यात काय माझं नाव आहे?"

"तीन रेघांची बाकी पाच आहेत अजून."

"असतील. त्या पाच माझ्या म्हणेन मी. पण ही..." त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. "हे धनुष्य मामांनी आठ दिवस पारखून घेतलं, डॉक्टर. त्यांची बोटं आंधळी नव्हती. माझं असतं तर त्यांना कळलं असतं, आणि कळूनही ते मला काही बोलले नसते का? मी गाठोडं बांधत होतो तेव्हा?"

ह्याचं उत्तर कुठल्याच फिल्मवर दिसत नाही. त्यांना वाटलं, उगाच बोलले, म्हाताऱ्याला एका जागी पन्नास वर्षं दुखत होतं, आता दोन जागी दुखेल. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी टेबलावरची पुठ्ठ्याची कोरी चिठ्ठी उचलली. प्रत्येक धनुष्याखाली अशी एक चिठ्ठी असे, कारागिराची माहिती लिहिलेली. खिडकीजवळच्या धनुष्याची जुनी त्यांनी सकाळीच फाडली होती.

"बरं, निदान पाचांखाली तर लिहायला हवं," त्या म्हणाल्या. "तुमची खूण तुम्हीच काढून द्या. मी त्याच्या नकला करेन." आणि त्यांनी लाल पेन पुढे केलं.

काकांनी पेन घेतलं. चिठ्ठी डाव्या हाताने दाबून धरली आणि मान तिरकी करून, जीभ ओठांवर ठेवून, फार विचार न करता, सवयीच्या झटक्याने तीन रेघा ओढल्या. पहिली सरळ. तिसरी सरळ. मधली वरून जरा उजवीकडे कललेली.

बाईंनी चिठ्ठीकडे बघितलं. "मधला खिळा तिरका ठोकलाय," त्यांना आपलंच अक्षर आठवलं. त्यांनी फिल्म उचलली आणि चिठ्ठीवर, लाल रेघांच्या शेजारी ठेवली. मधली रेघ तिथेही कललेली होती, पण डावीकडे. त्यांचा चेहरा उतरला.

काका खाली वाकले. नाक जवळजवळ टेबलाला टेकेपर्यंत वाकले. मग त्यांनी बाईंच्या बोटाखालून फिल्म काढून घेतली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "उलटी धरलीय तुम्ही." आणि त्यांनी फिल्म पालथी करून आपल्या रेघांवर बरोब्बर बसवली.